खामगावचा कान

संघर्षच्या कानाबद्दल पिंपळगाव राजा या त्याच्या गावात जे सांगतात त्यातलं निम्मं खोटं आहे. उरलेलं निम्मं त्याहून अचाट आहे, पण ते खरं, त्याला इलाज नाही.

शेताच्या धुऱ्यावर उभं राहून तो कपाशीच्या बोंडातल्या अळीचं चावणं ऐकतो, हे खोटं. पण यष्टीचं साऱ्या गावासमोर घडलं. खामगावला जाणारी सकाळची यष्टी फाट्यावर थांबली, संघर्षने चढता चढता मान वाकडी केली आणि ड्रायव्हरला म्हणाला, "मागचं डावं चाक पाहा भाऊ, बेअरिंग रडून राह्यलं त्याचं." ड्रायव्हर हसला. पाच किलोमीटरवर ते चाक निखळलं आणि यष्टीला मागं टाकून पुढं पळालं. ज्यांनी पाहिलं ते शपथेवर सांगतात, की खामगावच्या डेपोत ते यष्टीच्या आधी हजर होतं. तेव्हापासून तो ड्रायव्हर संघर्ष गाडीत चढला की आधी त्याच्या तोंडाकडे बघे, आणि त्यानं मान डोलावल्याशिवाय गिअर टाकत नसे.

असा कान घेऊन हा माणूस खामगावच्या एका जिनिंगमध्ये मदतनीस फिटर होता. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. दोन ओळींत चोवीस मशिनी, आणि त्या चालू झाल्या की शेजारच्या माणसाला हाक मारायची तर त्याला चिमटा काढावा लागतो. हवेत कापसाचे तंतू इतके, की ज्याला त्याला तोंडाला दुपट्टा बांधूनच काम करावं लागतं. डोळे तेवढे उघडे. वर्षानुवर्षं एकमेकांबरोबर काम केलेल्या माणसांनी एकमेकांचं नाक पाहिलं ते फक्त जेवणाच्या सुट्टीत.

तिथला मोठा मिस्त्री माणिकराव. संघर्षच्या आईच्या गावचा, म्हणून मामा. हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, घ्यायचा, टोक मशीनला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची, आणि डोळे मिटायचे. मशीनच्या पोटात काय दुखतंय ते पेचकसातून चढत कवटीत येतं. ही विद्या माणिकरावानं संघर्षला दिली. चाळीस हंगाम माणिकरावानं असं ऐकलं, आणि चाळिसाव्या हंगामात त्याच्या लक्षात आलं, की आता काहीच ऐकू येत नाही.

बहिरा झाला होता तो. अर्धवट नव्हे, पुरता. स्वतःच्या पोरीच्या लग्नात बॅण्डवाले जेवायला गेले तरी हा तासभर मान डोलवत बसला होता. पण जिनिंगमध्ये कळणार कुणाला? तिथं कान असलेलेही बहिरेच. माणिकराव पूर्वीसारखाच थाटात पेचकस लावायचा, डोळे अर्धे मिटायचा, आणि मिटलेल्या पापणीखालून संघर्षच्या उजव्या मांडीकडे बघायचा. संघर्ष मांडीवर बोटं टेकवायचा. मूठ म्हणजे दहा, बोटं म्हणजे वरचे आकडे, अंगठा ज्या बाजूला ती बाजू. मग माणिकराव डोळे उघडून सांगायचा, "सोळावं. डावीकडून खोला." शेठजी खूश. तीन हंगाम हा कारभार चालला होता आणि संघर्षला त्यात कधी वाईट वाटलं नव्हतं. ज्यानं ऐकायला शिकवलं त्याच्यासाठी ऐकायचं, त्यात काय एवढं.

आणि जिनिंगमध्ये बदलीची रीतच होती. कुणाच्या घरी तेरवी आली, कुणाला ताप आला, तर त्याच्या जागी भाऊ, साडू, शेजारी यायचा, दुपट्टा बांधायचा आणि त्याच्या नावावर दिवस भरायचा. पुढं कधी तो दिवस फेडायचा. त्याला कुणी खोटेपणा म्हणत नव्हतं. उलट बदली देत नाही तो माणूस कसला, असंच म्हणत.

गेल्या दिवाळीनंतर संघर्षची बहीण समता हिच्या मोबाईलवर एक जाहिरात आली. समता चिखलीला कॉलेजात होती आणि जगातल्या सगळ्या जाहिराती आधी तिच्याकडे यायच्या. आफ्रिकेत टांझानिया नावाचा देश, त्यात समुद्राकाठचं दार-ए-सलाम नावाचं मोठं शहर, तिथं जिनिंगचा कारखाना, आणि त्यांना भारतातून फिटर पाहिजे.

"दादा, ह्ये तुह्यंच काम हाय," समता म्हणाली.

"मले तिथं कोण ओळखते?"

"इथं तरी कोण ओळखते? सोळावं मशीन तू सांगतं आन् शाबासकी मामाले भेटते."

हे संघर्षच्या मनाला लागलं. नुसतं लागलं नाही, रुतून बसलं. सव्वीस वर्षांच्या आयुष्यात त्यानं स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या नावावर, जिनिंगमधलं एकही मशीन सांगितलं नव्हतं. त्यानं अर्ज भरला. त्याचं ऐकून शिवमनंही भरला. शिवम म्हणजे त्याच्याच बरोबरीचा दुसरा मदतनीस, जिभेनं चपळ, हातानं बरा, कानानं भिंत. पण दोस्त. दोघांचा डबा एक, गाडी एक, तंबाखूची पुडी एक.

दोन महिने घरात आफ्रिका राहायला आली. समतानं मोबाईलवरून तिथली भाषा शिकून स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. तिखटाच्या डब्यावर 'करीबू', म्हणजे या, बसा. मिठाच्या डब्यावर 'असांते', म्हणजे आभारी आहे. त्यांची आई जनकाबाई भाजीत मीठ टाकताना दर वेळी "असांते" म्हणायची आणि हसायची. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला तेव्हा साक्ष द्यायला दोन माणसं लागत होती, तर चाळीस आली, आणि प्रत्येकानं आपल्या गाडीचं, पंपाचं, पिठाच्या चक्कीचं दुखणं संघर्षनं कसं ओळखलं ते लिहून घ्यायला लावलं. पोलिसानं शेवटी आपली मोटरसायकल चालू करून विचारलं, "मंग हिचं काय हाय?" संघर्ष म्हणाला, "हिले तुमी आवडत न्हाई." चेन ढिली होती.

त्या कारखान्याच्या मॅडमनं चाचणी व्हिडिओ कॉलवर ठेवली. शिवमची अकराला, संघर्षची बाराला. ही बाई तिकडचीच, काळीसावळी, उंच, पण चार वर्षं नागपूरला इंजिनिअरिंग शिकून गेलेली, त्यामुळं हिंदी अशी बोलायची की डोळे मिटले तर सीताबर्डीच्या चौकात उभं असल्यासारखं वाटावं.

त्या सकाळी शिवम आला तो उजव्या हाताला पांढरी पट्टी बांधून. गाडी घसरली म्हणाला. बोटं हलत नाहीत म्हणाला. डोळ्यांत पाणी.

"गेली माह्यी चाचणी, दादा."

माणिकरावानं पट्टीकडं पाहिलं, संघर्षकडं पाहिलं. "बदली दे त्याले," तो म्हणाला. "दुपट्टा त तोंडाले हायेच."

"मॅडमले समजीन मामा."

माणिकरावाला ते ऐकू आलं नाही, पण संघर्षच्या भुवयांवरून कळलं. "काय समजते? आवाज शिवमचा, हात तुह्ये. तो फोन धरीन आन् बोलीन, तू काम कर. तुह्यी स्वतःची बाराले हायेच ना. दोघं गेले त एकमेकाले सोबत होईन परमुलखात."

परमुलखात सोबत, हे संघर्षला पटलं. त्यालाही मनातून भीती होतीच. एवढ्या मोठ्या शहरात, जिथं आपल्या भाषेत शिवी देणाराही कुणी नाही, तिथं शिवम असला तर बरं. त्यानं दुपट्टा डोळ्यांपर्यंत ओढला.

अकराला स्क्रीनवर मॅडम आली. म्हणाली, "भैया, बंद मशीन तो कोई भी सुधारता. अगले हफ्ते कौनसी बंद पड़ेगी, वो बताओ."

फोनमागं शिवमची बोबडी वळली. संघर्षनं मात्र पेचकस उचलला. एकेक मशीन करत तो दोन ओळी फिरला. सातव्यापाशी थांबला, पुढं गेला, परत आला. त्या दिवशी त्यानं जे ऐकलं ते आधी कधी ऐकलं नव्हतं, कारण आधी कधी कुणी एवढं लक्ष देऊन त्याच्याकडे बघत नव्हतं. त्यानं सात बोटं दाखवली, उजवीकडं अंगठा केला, मशीन बंद करवून बेअरिंग उतरवलं, आणि आतल्या गोळ्या एकेक करून कॅमेऱ्यासमोर धरल्या. नवव्या गोळीवर टाचणीच्या टोकाएवढा खड्डा होता.

मॅडमनं ती गोळी पुन्हा फिरवून दाखवायला लावली. मग म्हणाली, "शिवम, तू आ रहा है." आणि स्क्रीन काळी झाली.

संघर्षनं शिवमला मिठी मारली, पट्टीचा हात सांभाळून. मग तो बाराची वाट बघू लागला. बारा वाजले. एक वाजला. तो फोन हातात धरून त्या सातव्या मशीनपाशी उभा राहिला, दुपट्टा न सोडता, कारण फोन आला आणि आपण तयार नसलो तर. दोनला समताचा फोन आला. मेल आली होती. जागा एकच होती, भरली.

"एकच होती?" संघर्षनं शिवमला विचारलं.

"मले काय ठाऊक, दादा? आईशप्पथ. म्या जातो, सहा महिन्यात तुले बोलावतो. न्हाई बोलावलं त नाव नको लावू मले."

माणिकरावानं संघर्षच्या पाठीवर हात ठेवला. जड, उबदार हात. संघर्षला त्या वेळी तो हात फार बरा वाटला होता, आणि पुढं त्याला सगळ्यात जास्त घाण वाटली ती त्याच आठवणीची.

जाण्याआधीचे तीन आठवडे त्यानं शिवमला शिकवलं. पेचकस कुठं टेकवायचा, श्वास कसा धरायचा. शिवमला काही ऐकू येईना. जनकाबाईनं संघर्षसाठी केलेली तिळाची चटणी शिवमच्या बॅगेत भरली. बॅगही संघर्षचीच, नवी, चाकाची.

दार-ए-सलामला पोचल्याच्या चौथ्या दिवशी शिवमचा फोन आला. "दादा, ऐक." आणि त्यानं फोन मशीनला चिकटवला.

आता हे तुम्ही मानणार नाही. पण समुद्र ओलांडून, दोन देशांच्या टॉवरांवरून उड्या मारत आलेल्या त्या खरखरीत संघर्षला रोलरचं चामडं एका बाजूनं झिजल्याचं ऐकू आलं. तो म्हणाला, "रोलर काढ. डाव्या टोकाले चार बोटं जागा सोडून पाह्य." तासाभरानं शिवमचा निरोप आला, नुसता एक अंगठा.

मग रोजच सुरू झालं. तिकडचे साडेआठ म्हणजे इकडचे अकरा. अकराला संघर्ष हातपाय धुवायच्या हौदामागं जायचा, जिथं आवाज कमी, आणि दार-ए-सलाम कानाला लावायचा. मशिनी ऐकता ऐकता त्याला शहरही ऐकू येऊ लागलं. कारखान्याच्या फाटकाबाहेर छोट्या बसचा कंडक्टर "पोस्ता, पोस्ता" असं थांब्याचं नाव ओरडायचा. बंदरात जहाज भोंगा द्यायचं, आधी लांब एक, मग आखूड दोन. कुणी बाई काही तरी विकत जायची, तिच्या चपलेची एक पट्टी तुटकी होती. सोमवारी तुटकी होती, गुरुवारी तिनं खिळा मारला. आणि कावळे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा संघर्ष दचकला.

"शिवम, तिथं आपले कावळे हायेत?"

"हाव. म्हणतात आपल्याकडूनच आलेले हायेत. लय हायेत."

"त्याइची चाचणी घेतली काय कोणी?"

शिवम हसला. तेव्हा दोघं हसले. संघर्षला वाटायचं, सहा महिन्यांनी आपण जाऊ तेव्हा फाटकापासून बंदरापर्यंत डोळे मिटून चालत जाऊ. त्यानं समताला त्या रस्त्याचा नकाशा काढून दाखवला होता, नुसत्या आवाजांवरून. समतानं मोबाईलवरच्या नकाशाशी ताडून पाहिला. एक गल्ली तेवढी चुकली होती, आणि समता म्हणते ती मोबाईलचीच चूक होती.

तिकडं शिवमचं नाव झालं. इकडं माणिकरावाचं होतंच. एक कान आणि दोन मोठे मिस्त्री, दोन खंडांत.

मग मार्चमधला तो मंगळवार. शिवमनं फोन मशीनला टेकवून ठेवला आणि कुणी तरी बोलावलं म्हणून वळला. संघर्ष ऐकत होता. मशीनच्या घरघरीमागं त्याला मॅडमचा आवाज आला. मशीनपासून पाच-सहा हातांवर असावी. दुसऱ्या कुणाला एक शब्द कळला नसता.

"दूसरा फिटर लगेगा, शिवम. खामगाँव से तेरे जैसा कोई और है क्या? वो बारा बजे वाला लड़का था ना, संघर्ष?"

घरघर. घरघर. संघर्षनं श्वास धरला, शिवमला शिकवला होता तसा.

"नहीं मॅडम. वो तो हेल्पर है. बोरे उठाता था. कान में उसके कुछ नहीं."

"पक्का?"

"पक्का. वहाँ कानवाला एकच था."

संघर्ष हौदाच्या काठावर बसला. मशीनमधला बिघाड त्याला ऐकू आला होता, गिअरचा बारावा दात सैल, पण तो सांगायला तोंड उघडेना. थोड्या वेळानं शिवम फोनवर आला. "हाव दादा, बोल. काय झालं तिले?"

"तिले काई न्हाई झालं. मले सांग, म्या बोरे कधी उचलले बे?"

पलीकडं घरघर लांब गेली. शिवम मशीनपासून दूर सरकला होता.

"दादा, तू इथं आला त माह्यं काय होईन? दोन दिवसात समजीन तिले. म्या परदेशात हाव. इथं मले कोण हाय?"

"बोलावतो म्हणलं होतं तू. आईची शपथ घेतली."

"शपथ, शपथ." शिवमचा आवाज चढला. घाबरलेला माणूस चढतो तसा. "मले एकट्यालेच काऊन बोलून राह्यला? हाताले काई झालं नव्हतं माह्या. पण ते पट्टी म्या एकट्यानं बांधली काय? एका हातानं बांधून दाखव पट्टी. गाठ मामानं मारली."

संघर्षनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मॅडमचा पह्यला फोन मामाच्याच नंबरवर आला, अर्जात ओळखीले त्याचाच नंबर देल्ला होता ना. त्याले ऐकू येत न्हाई म्हून म्या घेतला. एकच जागा हाय, पास झाला तो पह्यला घेऊ, म्हणे. म्या त सोडून देल्ली होती आशा, तुह्यासमोर माह्यं काय चालते? मामानंच कागदावर लिहून दाखवलं. तू जाय, त्याले राहू दे. तो गेला त माह्यं संपलं. कागद अजून माह्यापाशी हाय, दादा. पाठवू?"

"नको," संघर्ष म्हणाला. "ठेव तुह्यापाशीच. म्या ऐकलं तेवढं बस हाय."

घरी आल्यावर त्यानं समताला सगळं सांगितलं. समतानं मेलमधल्या नंबरवर मॅडमला फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. स्क्रीनवर मॅडम आली. संघर्षनं आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासमोर उघडं तोंड धरलं.

"मॅडम, सातवी मशीन. नौवी गोली. वो मैं था."

ती पुढं वाकली. "हाथ दिखाओ." त्यानं हात दाखवले. डाव्या करंगळीवर जुना चिरा होता. मॅडमनं तो ओळखला. फिटरांत वावरलेली बाई, हात विसरत नाही.

"हव. ये हाथ थे," ती म्हणाली. मग विचारलं, "और नाम शिवम का बताया?"

"हाव मॅडम. बदली थी." त्यानं रीत समजावून सांगितली. तेरवी, ताप, साडू. सांगताना त्याचं त्यालाच कळत होतं, की खामगावात जी गोष्ट चार शब्दांत सरळ उभी राहते, ती समुद्रापलीकडं जाईतो वाकडी होतेय.

मॅडमनं शेवटपर्यंत ऐकलं. "मैं समझती. नागपुर में रही हूँ," ती म्हणाली. "पर यहाँ मैं आग के पास आदमी खड़ा करती हूँ. नाम किसका, हाथ किसका, ये मुझे मालूम होना. एक झूठा मेरे पास पहले से है. दूसरा कैसे बुलाऊँ?"

"और शिवम?"

"उसका वीज़ा लग गया. थोड़ा सीखा भी है. रहेगा." ती थांबली. "तेरा कान अच्छा है, भैया." आणि स्क्रीन काळी झाली. जिनिंगच्या कामात त्याच्या कानाला त्याच्या नावानं मिळालेली ती पहिली शाबासकी.

जनकाबाईनं मिठाचा डबा उचलला, त्यावरची चिठ्ठी ओल्या बोटानं खरवडून काढली आणि भाजीत मीठ टाकलं.

दुसऱ्या दिवशी संघर्ष वेळेवर जिनिंगला गेला. हंगामाचे शेवटचे दिवस, चोवीसही मशिनी चालू, शेठजी स्वतः आत आलेले. त्यांना काही तरी खटकत होतं. त्यांनी माणिकरावाला ओळीकडं बोट दाखवलं, म्हणजे बघा जरा. माणिकरावानं पेचकस उचलला, थाटात पहिल्या मशीनला टेकवला, पापण्या अर्ध्या मिटल्या आणि संघर्षच्या मांडीकडं नजर टाकली.

संघर्षनं तोंडावरचा दुपट्टा सोडला. भर कामात, भर तंतूत, साऱ्या शेडमध्ये एकटं उघडं तोंड. मग त्यानं तो दुपट्टा सावकाश उजव्या हाताला गुंडाळायला सुरुवात केली. मनगट, तळवा, बोटं. एका हातानं गाठ बसेना, म्हणून टोक दातांत धरून ओढली. आणि तो पट्टीचा हात त्यानं मांडीवर ठेवला.

माणिकरावाच्या पापण्या उघडल्या. त्यानं त्या गाठीकडं पाहिलं. स्वतः मारलेली गाठ माणूस विसरत नाही.

तो दुसऱ्या मशीनकडं गेला. तिसऱ्या. परत परत मांडीकडं बघायचा, तिथं नुसतं कापड. शेठजी घड्याळ बघू लागले. शेवटी माणिकरावानं पेचकस खाली घेतला आणि म्हणाला, "नववं." नववं बंद केलं, खोललं. नववं निरोगी होतं.

संघर्षच्या मनात होतं, की म्हाताऱ्याला तासभर असं उभं ठेवायचं. साऱ्या जिनिंगला बघू द्यायचं. पण चौदाव्यानं तेवढा वेळ दिला नाही. त्याचं बेअरिंग कोरडं पडलेलं त्यानं सकाळी आल्या आल्या ऐकलं होतं. आता ते रडत नव्हतं, किंचाळत होतं. कापसाच्या ढिगात एक ठिणगी, आणि शेडमध्ये साठ माणसं.

"संघर्ष, सांग ना बे," माणिकराव म्हणाला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती ते कळत नाही. चोवीस मशिनींच्या वर तो साऱ्यांनी ऐकला.

संघर्ष पळाला. मेन स्विच त्यानं डाव्या हातानं खाली ओढला आणि मोठ्यानं म्हणाला, "चौदावं. उजवीकडून. तंतू बाजूले करा आधी."

बेअरिंग निळं पडलेलं निघालं. भोवतीची रुई तपकिरी झाली होती, जळका वास सुटला होता. आणि शेडमध्ये अशी शांतता झाली, की हंगाम चालू असताना तशी त्या भिंतींनी कधी ऐकली नसेल.

"हे कोणाले समजलं?" शेठजींनी विचारलं.

"मले."

"आन् आजवर?"

साठ जोडी डोळे दुपट्ट्यांच्या वरून माणिकरावाकडं वळले होते. म्हाताऱ्याच्या हातातून पेचकस सुटला, फरशीवर वाजला, आणि ते त्याला सोडून सगळ्यांना ऐकू आलं.

"तू गेला असता त म्या काय केलं असतं?" माणिकराव म्हणाला. माफीचा शब्द नव्हता त्यात. खरंच विचारत होता.

"मले विचारलं असतं, मामा," संघर्ष म्हणाला. "म्या राह्यलो असतो."

माणिकराव त्याच्या ओठांकडं बघत होता. उघड्या तोंडाचं एक असतं, बहिऱ्यालाही ते वाचता येतं. त्यानं ते वाचलं, आणि खाली बसला.

संघर्षच्या खिशात फोन थरथरला. अकरा वाजले होते. त्यानं उचलला.

"दादा, एकडाव फक्त. शेवटचं. मॅडम मागं उभी हाय," शिवम कुजबुजला. "हे ऐक, कसं वाजून राह्यलं."

संघर्षनं फोन कानाला लावला नाही. स्पीकर चालू करून तो बंद चौदाव्या मशीनवर उताणा ठेवला.

"आता तू ऐक," तो म्हणाला आणि हाताची गाठ सोडू लागला.

"दादा? दादा, काईच वाजत न्हाई. दादा, हायेस ना?"

साठ माणसं ऐकत होती. शिवमच्या आवाजामागं कुठं तरी, समुद्राकाठच्या त्या मोठ्या शहरात, एक कावळा ओरडत होता. आपल्याकडचाच होता.